परक्या यंत्रातलं बिऱ्हाड

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या काही हौशी संगणकवाल्यांच्या टेबलावर एक अजब प्रकार दिसायचा. संगणक अटारी कंपनीचा, डब्यावर नाव अटारीचं, आणि पडद्यावर मात्र ॲपलचा मॅकिन्टॉश. तोच कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा, त्याच खिडक्या, तेच प्रोग्राम. ही करामत डेव्हिड स्मॉल नावाच्या प्रोग्रामरची. त्याने एक छोटं कार्ट्रिज बनवलं होतं. ते आधी 'मॅजिक सॅक' आणि पुढे 'स्पेक्टर' या नावाने विकलं जाई. त्यात ॲपलच्या मूळ रॉम चिप बसवायच्या, कार्ट्रिज अटारी एसटीच्या कडेच्या खाचेत खुपसायचं, की अटारीचा मॅक झालाच. खरी गंमत पुढे आहे. मॅकचा प्रोसेसर ७.८३ मेगाहर्ट्झवर चाले, अटारीचा ८ वर. मॅकचा पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा, अटारीचा ६४० बाय ४००. म्हणजे ॲपलची ऑपरेटिंग सिस्टिम परक्याच्या यंत्रावर घरच्यापेक्षा जरा जलद आणि जास्त ऐसपैस चालत होती. मॅक १९८४ साली २,४९५ डॉलरला बाजारात आला होता. अटारी ५२० एसटी पुढच्याच वर्षी कृष्णधवल मॉनिटरसकट ८०० डॉलरला मिळू लागला.

हे जमलं, कारण दोघांच्या पोटात एकच प्रोसेसर होता, मोटोरोलाचा ६८०००. मॅकचे प्रोग्राम ज्या आज्ञांचे बनलेले, त्या अटारीला उपजतच कळत होत्या. राहिला प्रश्न बाकीच्या भागांचा. मॅकची फ्लॉपी आतल्या आणि बाहेरच्या वर्तुळांवर वेगवेगळ्या गतीने फिरायची, अटारीची सगळीकडे एकाच गतीने. त्यामुळे मॅकची फ्लॉपी अटारीत घातली तर ती वाचताच येत नसे. १९८९ च्या 'स्पेक्टर जीसीआर'मध्ये स्मॉलने त्यासाठी कार्ट्रिजातच वेगळं सर्किट भरलं आणि तोही अडसर काढला. मॅकने फ्लॉपीवरचा अमुक तुकडा मागायचा, कार्ट्रिजने तो कुठून तरी, कसा तरी पैदा करून द्यायचा. तो कसा आला याच्याशी मॅकला देणंघेणं नव्हतं.

या सगळ्या विद्येचं मर्म इथेच आहे. ऑपरेटिंग सिस्टिमला यंत्र कधीच दिसत नाही. तिला फक्त उत्तरं मिळतात. प्रोसेसरला आज्ञा दिली की ठरलेला परिणाम व्हावा, ठरावीक पत्त्यावर आकडा लिहिला की पडद्यावर ठिपका उमटावा, डिस्ककडे मागणी नोंदवली की थोड्या वेळाने 'झालं' असा इशारा यावा. या तीन वाटांपलीकडे तिला बाहेरच्या जगाची खबर नसते. उत्तरं बरोबर येत राहिली, तर तिच्या लेखी यंत्र हजर आहे. पलीकडे खरंखुरं सिलिकॉन बसलंय की दुसरा एखादा प्रोग्राम, हे तिने ओळखायचं कशावरून?

एका यंत्राला दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करता येते, हे तर संगणक जन्माला यायच्या आधीच सिद्ध झालं होतं. ॲलन ट्युरिंगने १९३६ च्या निबंधात असं एक कल्पित यंत्र मांडलं, की ज्याला दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं वर्णन दिलं की ते त्याच्यासारखं वागू लागेल. त्यामुळे 'जमेल का' हा प्रश्न तेव्हाच मिटला. 'किती वेळात' हा मात्र मिटला नाही. १९९७ मध्ये कनेक्टिक्स कंपनीने 'व्हर्च्युअल पीसी' आणला. तेव्हाच्या मॅकमध्ये पॉवरपीसी जातीचा प्रोसेसर होता आणि विंडोजला हवा होता इंटेलचा. मग हा प्रोग्राम इंटेलची एकेक आज्ञा घेऊन ती पॉवरपीसीच्या आज्ञांमध्ये उलगडून दाखवायचा. एकीसाठी अनेक. विंडोज चालायचं, पण धापा टाकत. या प्रकाराला इम्युलेशन म्हणतात. प्रोसेसर एकाच जातीचा असेल तर हा दुभाषा लागत नाही. मग मात्र वेगळीच पंचाईत उभी राहते. अटारीवर मॅक चालू असताना अटारीची स्वतःची सिस्टिम बाजूला बसायची. दोघींनाही एकाच वेळी, एकाच यंत्रावर नांदवायचं कसं? प्रत्येकीची समजूत तर अशी असते, की हे सगळं यंत्र माझ्या एकटीचं आहे.

त्याचं उत्तर अटारीच्या कितीतरी आधी सापडलेलं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आयबीएमचं एक संशोधन केंद्र होतं. तिथे रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांच्या चमूने १९६४ पासून 'सीपी-४०' नावाच्या प्रणालीवर काम सुरू केलं. त्या काळी संगणक खोलीएवढा असायचा आणि तो अनेकांनी वाटून घ्यायचा, हे उघड होतं. बाकीचे लोक एकाच ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अनेकांची सोय कशी करायची याच्या खटपटीत होते. या मंडळींनी भलताच विचार केला. सिस्टिम वाटून घेण्यापेक्षा यंत्रच वाटून टाकू. प्रत्येकाला एक आख्खा सिस्टिम/३६० संगणक द्यायचा, त्याच्या स्वतःच्या मेमरीसकट, डिस्कसकट, कार्ड वाचणाऱ्या यंत्रासकट. आणि हे सगळं प्रत्यक्षात नसलेलं. १९६७ च्या सुरुवातीला सीपी-४० रोजच्या कामाला लागलं, तेव्हा एका खऱ्या यंत्रावर १४ खोटी यंत्रं एकाच वेळी चालत होती, प्रत्येकी २५६ के मेमरीची. पुढे १९७२ मध्ये आयबीएमने 'व्हीएम/३७०' हे त्याचं रीतसर विकाऊ रूप जाहीर केलं. त्यात तर व्हीएमच्या, म्हणजे व्हर्च्युअल यंत्राच्या, आत आणखी एक व्हीएम चालवता येई. नव्या आवृत्तीची चाचणी जुनीच्या पोटात घ्यायची, हा तिथल्या प्रोग्रामरांचा नित्याचा परिपाठ होऊन बसला. त्याच घराण्यातली 'झेड/व्हीएम' आजही आयबीएमच्या मेनफ्रेमवर चालते.

चौदा जणी एका प्रोसेसरवर सुखाने नांदतात त्यामागची युक्ती सोपी आहे. चाळीतला भाडेकरू आपल्या खोलीत रांधतो, झोपतो, गप्पा मारतो; त्यासाठी तो घरमालकाला विचारायला जात नाही. जिन्याखालच्या मेन स्विचला हात घालायची वेळ आली की मात्र मालक पुढे होतो. प्रोसेसरच्या आज्ञांतही असे दोन वर्ग आहेत. बेरीज-वजाबाकी, तुलना, मेमरीतून वाचणं या घरातल्या आज्ञा, त्या कुणीही चालवाव्यात. डिस्क हलवणं, इंटरप्ट म्हणजे उपकरणांच्या हाका बंद करणं, मेमरीचे नकाशे बदलणं या अधिकाराच्या आज्ञा. साध्या प्रोग्रामने अधिकाराची आज्ञा उच्चारली तर प्रोसेसर तिथल्या तिथे थांबतो आणि वरच्याला हाक मारतो. एरवी हा वरचा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. क्रीसीच्या चमूने तिच्याही वर आणखी एक बसवला. त्यालाच आज हायपरव्हायझर म्हणतात. पाहुणी ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःला सर्वाधिकारी समजते, प्रत्यक्षात ती साध्या प्रोग्रामच्याच पायरीवर चालत असते. तिने अधिकाराची आज्ञा दिली की प्रोसेसर थबकतो, हायपरव्हायझर ती आज्ञा पाहतो, तिचा जो परिणाम व्हायला हवा तो आपल्या वहीत नोंदवतो, योग्य ते उत्तर तिच्या हातावर ठेवतो आणि तिला पुढे सोडतो. तिला पत्ताच लागत नाही. बाकीच्या असंख्य साध्या आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर, पूर्ण वेगाने चालतात. म्हणून हे इम्युलेशनसारखं धापा टाकत नाही.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी ही युक्ती कुठल्या प्रोसेसरवर चालेल आणि कुठल्या नाही, याची अट गणिती भाषेत मांडली. अट वाचायला अगदी साधी आहे. ज्या ज्या आज्ञेचा यंत्राच्या अवस्थेशी नाजूक संबंध आहे, ती प्रत्येक आज्ञा साध्या पायरीवरून दिली असता थबकायला हवी. एकही निसटून चालणार नाही. आणि नेमकं इंटेलच्या प्रोसेसरांत पाणी मुरत होतं. जगभरच्या पीसींमध्ये बसलेल्या पेंटियमच्या सुमारे अडीचशे आज्ञांपैकी १७ या कसोटीला उतरत नाहीत, हे जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हाइन यांनी २००० साली एकेक आज्ञा तपासून दाखवलं.

त्या १७ पैकी एक जवळून पाहण्यासारखी आहे. तिचं नाव पॉपएफ. प्रोसेसरमध्ये 'फ्लॅग्ज' नावाचं एक रजिस्टर असतं. त्यातली एकेक बिट म्हणजे होय-नाहीचं एकेक निशाण: मागच्या बेरजेत हातचा आला का, उत्तर शून्य आलं का, ऋण आलं का. याच किरकोळ निशाणांच्या रांगेत एक बिट भलतीच वजनदार आहे. इंटरप्ट चालू की बंद, हे ती ठरवते. ती बंद असली की कीबोर्ड, घड्याळ, डिस्क यांपैकी कुणाचीही हाक प्रोसेसर ऐकत नाही. नाजूक काम करताना ऑपरेटिंग सिस्टिम आधी हे निशाण जपून ठेवते, मग 'सीएलआय' ही आज्ञा देऊन हाका बंद करते, काम उरकते आणि पॉपएफने सगळी निशाणं पूर्ववत करते. आता हीच सिस्टिम साध्या पायरीवर पाहुणी म्हणून चालते आहे असं धरा. सीएलआयवर प्रोसेसर शहाण्यासारखा थबकतो आणि हायपरव्हायझर वहीत लिहितो: हिच्या हाका बंद. काम झालं. पॉपएफ आली. प्रोसेसर हातच्याचं निशाण बदलतो, शून्याचं बदलतो, आणि इंटरप्टच्या बिटेला मात्र हात लावत नाही, कारण तेवढा अधिकार नाही. पण तो थबकतही नाही, तक्रारही करत नाही. मुकाट्याने पुढे जातो. पाहुणीला वाटतं हाका सुरू झाल्या, वहीत नोंद अजून 'बंद'. ती कीबोर्डची वाट पाहत बसते आणि तिच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. कुठे काही मोडलेलं नाही, कुणी चुकलेलं नाही, तरी सगळं ठप्प.

म्हणूनच इंटेलच्या पीसीवर हा खेळ होणे नाही, असं बरीच वर्षं मानलं जाई. स्टॅनफर्डमध्ये मेंडेल रोझेनब्लम आणि त्याचे विद्यार्थी एदुआर बुन्यों आणि स्कॉट डिव्हाइन यांनी १९९७ मध्ये 'डिस्को' नावाचा हायपरव्हायझर वेगळ्या जातीच्या मोठ्या यंत्रासाठी केला होता. पुढच्याच वर्षी डायन ग्रीन आणि एलेन वाँग यांच्यासह या मंडळींनी 'व्हीएमवेअर' कंपनी काढली आणि १९९९ मध्ये तिचं पहिलं उत्पादन आलं, तेही थेट पीसीसाठी. त्यांची युक्ती अशी. आज्ञा थबकत नसेल तर ती चालूच द्यायची नाही. पाहुण्या सिस्टिमच्या गाभ्यातला मजकूर चालायच्या क्षणभर आधी वाचायचा, निरुपद्रवी आज्ञा जशाच्या तशा ठेवायच्या, पॉपएफसारखी दिसली की तिच्या जागी आपल्याकडे येणारी वाट लिहायची आणि हा सुधारलेला तुकडा पुढच्या वेळेसाठी साठवून ठेवायचा. साधे प्रोग्राम तर तपासायचीही गरज नाही, ते सरळ चालू द्यायचे. धावत्या गाडीचे रूळ तिच्या पुढे-पुढे बदलत जाण्याचाच हा प्रकार, आणि गाडी विंडोजची!

या खोट्या यंत्रात विंडोजला काय दिसतं? व्हीएमवेअरमध्ये चालणाऱ्या विंडोजला आपला मदरबोर्ड विचारला तर ती 'इंटेल ४४० बीएक्स' असं सांगते. हा चिपसेट १९९८ चा. खालचं खरं यंत्र गेल्या वर्षीचं असलं तरी उत्तर तेच. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमधली पहिल्या पिढीची यंत्रंही ४४० बीएक्सच दाखवतात. कारण व्यवहारी आहे. त्या बोर्डाशी बोलायचं कसं, हे जवळजवळ प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला ठाऊक आहे. सोंग घ्यायचंच तर सगळ्यांच्या ओळखीच्या माणसाचं घ्यावं. प्रोसेसरला 'तू कोण' असं विचारणारी 'सीपीयूआयडी' नावाची एक आज्ञा आहे. तिचं उत्तर बारा अक्षरांत येतं. इंटेलचा प्रोसेसर 'जेन्युइनइंटेल' म्हणतो, एएमडीचा 'ऑथेंटिकएएमडी'. इंग्रजीत लिहा, दोन्ही नेमकी बारा अक्षरं भरतात. हायपरव्हायझरांनाही आपली ओळख सांगायला अशीच बारा घरं राखून दिली आहेत. व्हीएमवेअरचं इंग्रजी नाव सहाच अक्षरांचं, म्हणून ते सलग दोनदा लिहिलेलं असतं.

जुन्यापान्या वस्तूंचा असा साठा कधी अंगाशीही येतो. 'क्यूईएमयू' हा फाब्रिस बेलारने सुरू केलेला मुक्त प्रोग्राम कित्येक क्लाउड यंत्रणांच्या मुळाशी आहे. त्याच्या खोट्या पीसीत रिवाजाप्रमाणे फ्लॉपी नियंत्रकही होता. मे २०१५ मध्ये उघड झालं, की या नियंत्रकाला ठरावीक तऱ्हेने जास्त मजकूर पाजला तर पाहुण्याला भिंत फोडून थेट यजमानात शिरता येण्याचा धोका आहे. चूक २००४ पासून तिथेच होती. ज्या सर्व्हरांनी जन्मात फ्लॉपी पाहिली नाही, त्यांना फ्लॉपी ड्राइव्हमुळे रातोरात दुरुस्त्या कराव्या लागल्या. 'व्हेनम' या नावाने ती चूक ओळखली जाते.

मेमरीचं सोंग तर याहून अवघड. प्रत्येक पाहुणीला वाटतं, की आपली मेमरी शून्य क्रमांकापासून सुरू होते. शून्य तर एकच आहे. म्हणून पत्त्यांचे दोन नकाशे लागतात. पाहुणीचा नकाशा तिच्या प्रोग्रामचा पत्ता तिच्या समजुतीतल्या मेमरीवर नेतो आणि हायपरव्हायझरचा नकाशा ती समजूत खऱ्या चिपवर नेतो. चार पायऱ्यांचे दोन नकाशे एकात एक गुंफले, की एका साध्या पत्त्याचा शोध घ्यायला सर्वांत वाईट वेळी मेमरीत २४ फेऱ्या पडतात. तरीही आपल्याला काही जाणवत नाही, कारण नुकतेच सापडलेले पत्ते प्रोसेसर स्वतःजवळ टिपून ठेवतो.

पॉपएफसारख्या न थबकणाऱ्या आज्ञांची चूक इंटेलने अखेर सुधारली. नोव्हेंबर २००५ मध्ये 'व्हीटी-एक्स' ही सोय असलेले प्रोसेसर आले, पाठोपाठ २००६ मध्ये एएमडीचे. आता पाहुणीसाठी वेगळीच अवस्था मिळाली. तिथे तिला सर्वाधिकारी असल्यासारखं वागता येतं, पॉपएफ तिच्या स्वतःच्या बिटेवर चोख काम करते, आणि हायपरव्हायझरने राखून ठेवलेली गोष्ट आली की प्रोसेसर स्वतःहून त्याच्याकडे परततो. मौज म्हणजे कीथ ॲडम्स आणि ओले आगेसन या व्हीएमवेअरच्याच दोघांनी २००६ मध्ये मोजून पाहिलं, तेव्हा बऱ्याच कामांत ही पहिल्या पिढीची हार्डवेअरची सोय जुन्या रूळबदलू युक्तीपेक्षा मंद निघाली. सिलिकॉनने सॉफ्टवेअरला मागे टाकायला आणखी काही वर्षं जावी लागली.

याच सुमाराला ॲपलने पॉवरपीसी सोडून इंटेलची कास धरली. जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक आले. एप्रिलमध्ये ॲपलनेच 'बूट कॅम्प' दिला. त्यात मॅक बंद करून विंडोजमध्ये पुन्हा सुरू करायचा, म्हणजे एका वेळी एकच. जूनमध्ये 'पॅरलल्स' आलं आणि दोघी एकाच पडद्यावर शेजारी बसल्या. पुढच्या वर्षी 'व्हीएमवेअर फ्यूजन' आलं. हौसेमौजेखातर मॅक घेतलेल्या आपल्याकडच्या किती तरी चार्टर्ड अकाउंटंटांची यामुळे सोय झाली, कारण त्यांचं टॅली विंडोजवरच चालणारं. विंडोजची आख्खी डिस्क ही मॅकवरची एक फाइल असते. तिची प्रत काढली की चालत्या संगणकाची प्रत निघते. एखादी नवी गोष्ट बसवण्याआधी क्षण गोठवून ठेवायचा, बिघडलं तर त्या क्षणाला परतायचं. व्हीएमवेअरने तर २००३ मध्येच चालू यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवून दाखवलं होतं. आतल्या प्रोग्रामना कळलंही नाही, की पायाखालचा प्रोसेसर बदलला.

उलट दिशेने, म्हणजे मॅकओएस दुसऱ्याच्या यंत्रावर नेताना, वाटेत एक कुलूप लागतं. इंटेल मॅकमध्ये पंखे, तापमान वगैरे पाहणारी एक लहान चिप असे. मॅकओएस सुरू होताना तिच्याकडे ६४ अक्षरांचा एक मजकूर मागते. आमच्या मेहनतीची राखण हे शब्द करताहेत, कृपया चोरी करू नका, अशा अर्थाची ती विनवणी आहे. एवढा मजकूर जुळला की सिस्टिमची खात्री पटते, की आपण ॲपलच्याच घरात आहोत. क्यूईएमयूमध्ये या चिपचंही सोंग आहे, फक्त तो मजकूर त्यात भरलेला नसतो, वापरणाऱ्याने द्यायचा असतो. कुलूप तंत्राचं कमी, कायद्याचं जास्त. ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस फक्त ॲपलच्याच यंत्रावर चालवता येते, व्हर्च्युअल असली तरी.

२०२० मध्ये ॲपलने पुन्हा घर बदललं. एम१ चिप एआरएम जातीची. इंटेलसाठीची विंडोज तिच्यावर थेट चालणं शक्यच नव्हतं. आज मॅकवर जी विंडोज चालते ती एआरएमसाठीची. पॅरलल्समधल्या अशा वापराला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली. आता त्या विंडोजमध्ये इंटेलसाठी बांधलेला एखादा जुना प्रोग्राम उघडला तर काय घडतं पाहा. प्रोग्राम इंटेलच्या आज्ञा बोलतो, विंडोज त्यांचा एआरएममध्ये अनुवाद करते, विंडोजला वाटतं यंत्र आपलं, तिच्याखाली हायपरव्हायझर, त्याच्याखाली मॅकओएस, आणि सगळ्यांत खाली ॲपलची चिप. क्रीसीची युक्ती आणि ट्युरिंगची, दोन्ही एकावर एक रचलेल्या.

मॅकओएसला स्वतःलाही जुने इंटेल प्रोग्राम चालवायचे होते, त्यासाठी 'रोझेटा २' हा अनुवादक आला. आज्ञांचा अनुवाद होतो, पण सवयींचा होत नाही. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एका कोअरने आधी 'अ' आणि मग 'ब' लिहिलं, तर बाकीच्या कोअरना ते त्याच क्रमाने दिसेल, अशी हमी असते. एआरएममध्ये ती नाही. 'ब' आधी दिसू शकतो. दोन कोअरवर हातात हात घालून चालणारे जुने प्रोग्राम या क्रमावर गुमान विसंबलेले असतात. प्रत्येक ठिकाणी पहारा बसवला तर वेग गेला. ॲपलने काय करावं? एआरएमच्या चिपमध्येच एक स्विच बसवला. तो लावला की तेवढ्या कामापुरती मेमरी इंटेलच्या शिस्तीने वागते. उत्तरं हुबेहूब देता यावीत म्हणून इथे खुद्द सिलिकॉनलाच दुसऱ्याची चाल शिकवली आहे.

एम१वर लिनक्स चालवायचा विडा उचललेल्या 'असाही लिनक्स' प्रकल्पाने तर ही विद्या उलटी फिरवली. ॲपलने या चिपची माहितीपत्रकं प्रसिद्ध केलेली नाहीत. कुठल्या पत्त्यावर काय लिहिलं की पडदा लागतो, हे फक्त मॅकओएसला माहीत. मग हेक्टर मार्टिन आणि त्याच्या साथीदारांनी 'एम१एन१' नावाचा एक चिमुकला हायपरव्हायझर लिहिला आणि ॲपलच्याच यंत्रावर ॲपलचीच सिस्टिम त्याच्या आत पाहुणी म्हणून चालवली. तो काही बदलत नाही, अडवत नाही. ती हार्डवेअरच्या ज्या ज्या पत्त्याला हात लावते, त्याची नोंद यूएसबी केबलवरून शेजारच्या संगणकाकडे धाडतो. कुठला पत्ता, कुठला आकडा, वाचला की लिहिला. अशा नोंदींचे भारे उपसत या मंडळींनी यंत्राची भाषा शिकून घेतली आणि मार्च २०२२ मध्ये लोकांना वापरून पाहता येईल अशी पहिली आवृत्ती दिली.

मग पाहुणीला कधीच कळत नाही का? कळू शकतं, घड्याळावरून. सीपीयूआयडीचं उत्तर खरा प्रोसेसर चुटकीसरशी देतो. व्हर्च्युअल यंत्रात त्याच प्रश्नासाठी हायपरव्हायझरपर्यंत जाऊन यावं लागतं, आणि तेवढ्यात कित्येक पट वेळ जातो. उत्तर अक्षरशः तेच, फक्त उशिरा. हायपरव्हायझर पाहुणीचं घड्याळही मागे सारू शकतो. पण बाहेरच्या, नेटवर्कवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं की ते सोंग फार काळ टिकत नाही. संगणकातले काही व्हायरस अशी खूण पाहून गरीब गाय होऊन बसतात, कारण व्हर्च्युअल यंत्र म्हणजे बहुधा संशोधकाची प्रयोगशाळा, हे त्यांच्या कर्त्यांना ठाऊक असतं. पोलंडच्या योआन्ना रुत्कोव्स्का यांनी ऑगस्ट २००६ मध्ये लास व्हेगासच्या 'ब्लॅक हॅट' परिषदेत उलटा धक्का दिला. त्यांच्या 'ब्लू पिल' या प्रयोगात चालू असलेल्या विंडोजच्या खाली, ती चालू असतानाच, एक हायपरव्हायझर सरकवला जात होता. कालपर्यंतची घरधनीण एका क्षणात भाडेकरू झाली, आणि तिच्या पडद्यावर काही हललं नाही.

आज हे कुणी चोरून करत नाही, रीतसर करतं. ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये भाड्याने द्यायला काढलेले संगणक 'झेन' या हायपरव्हायझरवरचे होते. आपण उघडतो त्यातल्या कितीतरी वेबसाइट अशाच बिऱ्हाडांत राहतात. २०१३ च्या एक्सबॉक्स वनमध्ये खेळ एका व्हर्च्युअल यंत्रात चालतो आणि मेन्यू दुसऱ्यात. आणि विंडोज ११ असलेला लॅपटॉप अलीकडे घेतला असेल, तर एक गोष्ट लगेच करून पाहता येईल. सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा आणि यादीच्या अगदी तळाशी जा. बहुतेक नव्या यंत्रांवर तिथे हायपरव्हायझर आढळल्याची नोंद दिसेल. पासवर्डासारख्या नाजूक गोष्टी विंडोजच्या स्वतःच्याही आवाक्याबाहेर ठेवता याव्यात, म्हणून मायक्रोसॉफ्टने कारखान्यातूनच तिच्याखाली एक घरमालक बसवला आहे. दुसऱ्याची सिस्टिम आपल्या यंत्रावर चालवण्यासाठी ही सगळी खटपट झाली. आता आपल्या यंत्रावर आपलीच सिस्टिमसुद्धा पाहुणी म्हणून राहते, आणि ते तिच्या भल्याचं आहे.